धरून की सोडून

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतोय — हाही एक भित्रेपणाच, नाही का? ओळखीच्या माणसापुढे जीभ उचलत नाही आणि परक्यापुढे मात्र सुटते.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कर्नाटकात जोयड्याच्या जंगलात राहतो, गणेशगुडीच्या अलीकडे, आणि काम करतो पुण्यातल्या एका कंपनीसाठी. आमची कंपनी एक स्कॅनर बनवते. लोकांच्या संगणकांवर कुठलं सॉफ्टवेअर आहे ते तो बघतो आणि त्यात चोराला शिरता येईल असं भोक आहे का ते सांगतो. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे बिनधास्त. त्याला हे कसं कळतं? सॉफ्टवेअर बनवणारे सूचना काढत असतात — ॲडव्हायझरी म्हणतात त्यांना. अमुक सॉफ्टवेअरच्या या व्हर्जनपासून त्या व्हर्जनपर्यंत धोका आहे. या सूचना माणसांनी नाही, यंत्रांनी वाचायच्या, म्हणून ठरावीक साच्यात लिहिलेल्या असतात. साचा मात्र प्रत्येकाचा वेगळा. ते साचे उलगडून आमच्या स्कॅनरच्या गळी उतरवायचे, हे माझं काम.

आता गंमत बघा. 'त्या व्हर्जनपर्यंत' — म्हणजे ते व्हर्जन धरून की सोडून? काहीजण शेवटचं धोक्याचं व्हर्जन लिहितात, तिथे ते धरायचं. काहीजण ज्यात दुरुस्ती झाली ते व्हर्जन लिहितात, तिथे ते सोडायचं. कोडमध्ये फरक गणितातल्या एका बरोबरच्या चिन्हाचा. एवढंसं. आमच्या धंद्यात माणसं एवढ्याशासाठीच पगार घेतात.

वनिता माझी मावसबहीण, रामनगरची. तिच्या वडिलांचं तिथे हमरस्त्यावर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. पोरगी बेळगावला इंजिनिअर झाली, आणि मीच तिला आमच्या कंपनीत चिकटवलं. चिकटवलं म्हणतोय खरा, पण मुलाखतीत ती स्वतःच्या हिमतीवर पास झाली होती. तेवढं तरी खरं बोलतो. काकांनी तिला सांगून ठेवलं होतं की नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढणार नाही. नोकरी गेली की ते बघतील त्या घरी मुकाट्याने जायचं. ती हसत हसत पुण्याला गेली. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती.

आणि आमची रेंज. तिच्याबद्दलही सांगायलाच हवं — टाळतोय असं वाटेल, पण नाही, तिथेच चाललोय. आमच्या घरात फोन लागत नाही. घरामागच्या टेकावर लागतो, म्हणून तिथे मी पत्र्याची खोली बांधून घेतली आणि तिथूनच काम करतो. कंपनीत माझी थट्टा ठरलेली. मिटिंगमध्ये माझा आवाज गेला की म्हणायचे, अण्णांना गव्याने नेलं. मीही हसायचो. पण खरं सांगू? त्यातली निम्मी वेळ रेंज जातच नव्हती. बोलणं अंगाशी यायला लागलं की मीच फोन कापायचो. जोयडा म्हटलं की कुणी संशय घेत नाही. इतकी सोयीची थाप आयुष्यात दुसरी मिळाली नाही.

त्या दिवशी बायकोकडचे पाहुणे आले होते. त्यांना नदीत राफ्टिंग करायचं होतं. आमच्या नदीचं असं आहे की सुपा धरणातून पाणी सोडलं तरच राफ्ट निघते, आणि पाणी काही आपल्या सोयीने सोडत नाहीत. निरोप आला की पाणी सुटलंय, लगेच या. पाहुणे जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते, मी टेकावर लॅपटॉप बंद करत होतो, आणि वनिताचा फोन आला. एका नव्या साच्याचं काम तिच्याकडे होतं. त्या साच्याचं माहितीपत्रक मात्र माझ्याकडे आलं होतं. मी ते तिला पाठवलं नव्हतं. वाचलंही नव्हतं.

"अण्णा, ह्या साच्यात नुस्तं 'पर्यंत' हाय बघ. धरून काय सोडून?"

"सोडून," मी म्हणालो. जिथे तिथे बहुतेक सोडूनच असतं, म्हणून.

"न्हाई, रामनगरपर्यंतची बस म्हटलं की रामनगर धरूनच असतीय की. जरा बघून सांगतोस काय?"

खाली हॉर्न वाजला. मी म्हणालो, "वने, सोडून म्हणजे सोडून. किती कीस पाडशील?"

"व्हय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

नदीत मजा आली. हे सांगायला नको होतं, पण आली.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. एका लहानशा इस्पितळात नेमकं तेच शेवटचं व्हर्जन होतं. आमच्या स्कॅनरने त्याच्यासमोर हिरवं दाखवलं, आणि हिरवं बघून तिथली माणसं निर्धास्त राहिली. का राहू नयेत? त्यासाठीच तर आम्हाला घेतलं होतं. मग एक दिवस कुणीतरी आत शिरलं आणि सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. पेशंटचे रिपोर्ट उघडेनात. लांबून आलेल्या माणसांना दारातून परत पाठवलं. त्यातलं कोण कशासाठी आलं होतं, कुणाचं काय अडलं — मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

कंपनीत मिटिंग झाली. आमच्या प्रमुख बाई तशा शांत बोलणाऱ्या. त्यांनी कोडमधली ती ओळ पडद्यावर आणली. ओळीपुढे वनिताचं नाव. इथे हे व्हर्जन का सोडलं, असं त्यांनी विचारलं. वनिता म्हणाली, अण्णांना फोन करून विचारलं होतं. तक्रारीचा सूर नव्हता. तिला वाटलं, आता अण्णा बोलेल आणि विषय मिटेल.

आणि अण्णा बोलला.

मी म्हणालो — शब्द मला पाठ आहेत, विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत — "फोन आला होता, पण आवाज फार तुटत होता. मी 'धरून' म्हणालो होतो. तिला काय ऐकू आलं, देव जाणे."

देव जाणे! देवालाही ओढलं मी त्यात.

कुणीतरी हसलं, जोयड्याची रेंज म्हणालं. मी वनिताच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माझा कॅमेरा बंद होता, तिचा चालू. तिला मी खोटा वाटलो असतो तर बरं झालं असतं. तसं काही दिसलं नाही. ती आठवत होती. कपाळाला आठ्या घालून, मनापासून आठवत होती की आपण नेमकं काय ऐकलं.

ते बरोबरचं चिन्ह मग मीच घातलं. चटकन दुरुस्ती केल्याबद्दल बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी आभार मानले. वनिताला कायम केलं नाही. माहितीपत्रक मी त्या संध्याकाळी वाचलं. पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं — धरून.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी बोलू शकलो असतो. ती सामान बांधत होती तेव्हाही. काय गेलं असतं माझं? थोडी अब्रू. कदाचित नोकरी. मला दुसरी मिळाली असती. मी माझ्या मनाला काय सांगत राहिलो माहीत आहे? की ती हुशार आहे, तिचं कुठेही जमेल. हुशार माणसाचा गळा कापायला ही सबब फार बरी पडते.

आता ती रामनगरला वडिलांच्या दुकानात बसते. काकांनी शब्द पाळला, एक स्थळ पक्कं केलं आहे. गेल्या महिन्यात जीपचा पार्ट आणायला गेलो होतो. फोनवर कुणी ड्रायव्हर तिला नंबर सांगत होता, आणि ती त्याला तोच नंबर पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होती. तो वैतागलेला मला इकडे ऐकू येत होता. फोन ठेवून ती माझ्याकडे बघून हसली, थोडी ओशाळून.

"माझ्या ऐकण्याचा भरवसा न्हाई न्हवं आता," ती म्हणाली. "बेळगावला जाऊन कान दाखवून आलो बघ, अण्णा. डॉक्टर म्हणाले, कान एकदम बरे हायत. मग त्या दिवशी मला 'सोडून' कसं ऐकू आलं असंल रं?"

तिने चहा मागवला होता. कप माझ्या हातात होता. दुकानात आम्ही दोघंच होतो, आणि तिने सरळ विचारलं होतं. याहून सोपं कुणी कुणासाठी काय करून ठेवायचं?

मी म्हणालो, "रेंज गं. आमच्याकडची रेंज तुला माहीत आहे."

"व्हय की," ती म्हणाली, आणि पार्ट कागदात गुंडाळून दिला.

त्या दिवशी रेंज होती. चारही काड्या होत्या. तिचा प्रत्येक शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता, आणि माझा तिला.