पहिल्या भागानंतर धरलेला चोर

सिनेमाचा दुसरा भाग लागला तेव्हा घरात सगळ्यात जास्त घाई माझ्या मुलीला झाली होती. ती कॉलेजात आहे आणि फोनवर सिनेमांची परीक्षणं करते. शे-दीडशे लोक बघतात, त्यातले निम्मे आमचेच पाहुणे. तिचा बेत असा की पहिला भाग डोक्यावर घेतलेल्या माणसाला, म्हणजे मला, दुसरा दाखवायचा आणि बाहेर आल्यावर विचारायचं, याला पहिल्याची सर आली का. शिवाय तिच्या मते पप्पा काही साधे प्रेक्षक नव्हते. पहिला भाग पाहून चारच दिवसांनी त्यांनी मार्केट यार्डाबाहेर खराखुरा गाडीचोर धरला होता. ही गोष्ट ती मैत्रिणींना सांगते, तिची आई माहेरी सांगते, आणि तीन वर्षं मी खाली मान घालून ऐकत आलो. तो माणूस चोर नव्हता. तेवढंच मी घरात कधी सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. कांदे घेऊन मी यार्डाबाहेर आलो, तर पन्नाशीचा एक माणूस माझ्या मोटरसायकलवर बसून किक मारत होता. मी कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, "दादा, माजीच गाडी हाय. किल्ली लागली की."

त्या शांतपणाचाच मला राग आला. डोक्यात गुंडांना चोपणारा सिनेमा ताजा होता. मी त्याच्या कानाखाली वाजवली आणि चोर चोर म्हणून ओरडलो. मग हमाल, रिक्षावाले, केळीवाले, सगळ्यांनी हात धुवून घेतले. थोड्या वेळानं कुणाला तरी चार गाड्या सोडून तशीच काळी गाडी दिसली, तसंच करडं कव्हर, तसाच चिखल. ती त्याची होती. गर्दीतून कुणी म्हणालं, माढ्याकडचा हाय, कांदा घेऊन आलाय. तो डावा कान दाबून रस्त्याच्या कडेला बसला होता. त्यानं शिवीसुद्धा दिली नाही. मी माझ्या गाडीतली त्याची किल्ली काढली, त्याच्या हातात ठेवली आणि काढता पाय घेतला. आमच्या गल्लीतला एकजण नुसती मारहाण बघून पुढं गेला होता. त्यानं जाऊन सांगितलं, आणि मी घरी पोचायच्या आत शूर झालो होतो.

आणि मी कामाला कुठं? मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. जुनी झिजलेली किल्ली त्याच कंपनीच्या दुसऱ्या जुन्या गाडीला बिनदिक्कत लागते, लॉकसेट बदलून घ्या, असं मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. अख्ख्या सोलापुरात ज्यानं ही चूक करायला नको होती तो मीच. लाज वाटते, आजही वाटते.

तर दुपारचा शो. मला एका जागी बसवेना. दोनदा पाणी प्यायला उठलो, एकदा पॉपकॉर्नला. मुलगी म्हणाली, मुंग्या चावतायत का तुम्हाला. पहिल्या भागातला नायक कारकून होता. पहिल्यांदा काठी उचलताना त्याचा हात थरथरायचा, मार खाऊन तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात लंगडत जायचा. आता हा पठ्ठ्या परदेशात जातो, एकटा पन्नासांना लोळवतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही. घाबरणंच काढून टाकलंय त्याचं. पण माझं चित्त तिथं नव्हतं. मी मार खाणाऱ्यांकडेच बघत होतो. दोन्ही भागांत एकही चुकीचा माणूस मार खात नाही. गुंड पडद्यावर यायच्या आधी ढोल वाजतात. यार्डाबाहेर मला ढोल कुणी वाजवून दाखवला होता?

बाहेर पार्किंगजवळ तिनं फोन धरला. मी म्हणालो, न्हाय जमला, पहिल्याची सर नाही. ती खूश झाली आणि फोनकडं बघून सांगू लागली की हे माझे पप्पा, यांनी स्वतः एक चोर...

"तो चोर नव्हता," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. किल्ली, कान, काढता पाय. फोन तिच्या हातात तसाच होता. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "पहिला हात कुणी उचलला, पप्पा?"

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की त्याला गर्दीनं मारलं.

"मी," म्हणालो. "तो बोलत होता तेव्हाच."

तिनं फोन खाली घेतला. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली की उद्या रविवार आहे, माढ्याला जाऊ, त्यांना भेटू, मीही येते. मला एकदम हलकं वाटलं. व्हय म्हणालो, सकाळीच निघू.

"गाव कुठलं त्यांचं?"

"माढ्याकडं कुठंतरी. एवढंच ऐकलं होतं."

"नाव तरी?"

माढा तालुका केवढा आहे. आणि मी त्या माणसाला काहीच विचारलं नव्हतं.