राणीच्या केसांचा ब्रश

माझी पोस्टिंग एटी कंपनीत झाली. एटी म्हणजे खेचरांची कंपनी. उंच बर्फाच्या डोंगरात ट्रक जिथं थांबतो तिथून वर रेशन, रॉकेल आणि दारूगोळा खेचराच्या पाठीवर जातो. मी तिथं सॅडलर होतो. खोगीर, पट्टे, शिलाई हे माझं काम. शाळा तिसरीपर्यंत. पण माझा टाका उसवलेला कुणी पाहिला असंल तर समोर यावं.

गाव देवगाव रंगारी. भरतीच्या आधी औरंगाबादेत शहागंजला एका उस्तादांकडं दाढीचे ब्रश करायचो. पोलीस अ‍ॅक्शननंतर शहरातले घोडेवाले कमी झाले, टांगे तेवढे उरले, चांगला केस मिळंना. उस्ताद म्हणाले, "बेटा, इथं आता एकाचंच पोट भरंल. फौजेत जा." मी गेलो.

लोकांना वाटतं ब्रश म्हणजे मूठ. मूठ खरादावर, लाकूड फिरवून, कुणीही काढील. ब्रश म्हणजे केसांची गाठ. शेपटीचा केस कडक, तो फेस काढतो. आयाळीचा मऊ, तो पाणी धरतो. एक भाग शेपटी, दोन भाग आयाळ. टोकं खाली करून वाटीत ठोकली की गाठीला घुमट येतो. टोकाला कात्री लावायची नाही, कापायचं ते बुडाकडून. मग दोऱ्यानं आवळून राळेत बसवायचं. पण या सगळ्याच्या आधी केस सोड्यात तीनदा उकळायचा. उस्ताद प्रत्येक गाठ नाकाला लावून बघायचे. "वास आला म्हणजे जनावर अजून केसात आहे," म्हणायचे.

आमच्या कंपनीत कासम होता, खुलताबादचा. एटीत खेचर नेणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याच्याकडं दोन खेचरं, राणी आणि बिजली. एकीला पाण्यावर नेलं की दुसरी दावं तोडायची. कॅन्टीनचा ब्रश डुकराच्या केसांचा, म्हणून कासम हातानंच साबण लावायचा. थंडीनं गाल फुटलेले. दाढी नीट झाली नाही की परेडला हवालदार साहेबांची बोलणी.

वरच्या पोस्टच्या वाटेवर, चौथ्या वळणाला, राणी घसरली. पुढचा पाय मोडला. गोळी घालावी लागली. देह दरीत ढकलला. त्याआधी कासमनं आयाळ आणि शेपटी कापून घेतली.

ती जुडी माझ्यापुढं टाकून म्हणाला, "देवगावकर, लई फुशारकी मारता ना ब्रशची. करा."

"मेलेल्या जनावराचा?"

"मेली कुठं? सकाळी तर चंदी खाल्ली तिनं."

मी केस तीनदा उकळला. घड्याळ लावून, दर खेपेला वीस मिनिटं. तंबूच्या मोडक्या खुंटीची मूठ चाकूनं कोरली. गाठ बसवली आणि नाकाला लावली. वास नव्हता. त्या थंडीत रॉकेलचाही वास येत नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ०५३० ला कासमनं ब्रश गरम पाण्यात बुडवला. शंभर पावलांवर, खेचरांच्या लाइनीत, बिजली ओरडली. बाकीची खेचरं गप्प. पुढच्या सकाळी तेच. ब्रश ओला झाला की ती ओरडायची. तिसऱ्या सकाळी खुंटी उपटून आली आणि तंबूला नाक लावून उभी राहिली. आत त्याच जागी कासमचा हॅवरसॅक टांगलेला, ब्रश त्यातच. बर्फात तंबूभोवती तिच्या खुरांचे फेरे होते. मी मोजले. अकरा.

कासम हसला. "आता दोरी नक्को. आपोआप मागं येती, नव्या नवरीवानी."

त्या दिवशी ०६१० ला फॉल-इन झालं. सात खेचरं, वर रेशन. बिजलीचं नाक कासमच्या हॅवरसॅकवरून हटंना. हवालदार साहेब थांबले.

"खच्चर थैले में क्या ढूँढ रहा है?"

"राणी के बालों का ब्रश है, साब."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बू आती है ब्रश में?"

"नहीं साब. गुड़ रखा होगा इसने."

कासम हळूच म्हणाला, "वास असंल तर इथंच ठेवतो. खरं सांगा."

"माझ्या हातच्या ब्रशला वास? कुणाला बोलतोस?"

"राहिलं, राहिलं. तापू नका."

त्यानं हॅवरसॅकचं बकल लावलं. ०६३० ला कॉलम निघाला. वाटेत पट्टा तुटला तर शिवायला मीही बरोबर.

धुकं दरीतून वर आलं. सगळं ओलं झालं, कपडे, खोगीर, हॅवरसॅक. ०९४० ला चौथं वळण. बिजली थांबली. कान दरीकडं. मग ओरडली.

खालून उत्तर आलं.

कड्यावरून आवाज फिरतो, मला माहीत आहे. पण फिरलेला आवाज नंतर येतो. हा मध्येच आला आणि बारीक होता. राणीचा आवाज बारीक होता.

कासम दरीच्या बाजूला होता. बिजलीनं नाक हॅवरसॅकवर टेकवलं आणि ढकललं. एक पाऊल. मी तिसऱ्या खेचरामागून ओरडलो, "कासम, थैली फेक!"

तो वळला. "कशाला? वास तर नाय ना?"

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तिनं पुन्हा ढकललं. दोघंही एकदम गेली. किंकाळी नाही. दगडांचा आवाज, मग तोही नाही.

कॉलमबरोबरच्या वायरलेस ऑपरेटरनं सेट लावला. "एक जवान, एक अ‍ॅनिमल खाई में. ओव्हर."

"जिंदा हैं? ओव्हर."

"आवाज आ रही है. ओव्हर."

"किसकी?"

ऑपरेटरनं कानावरचा हेडफोन काढला, दरीकडं तोंड करून ऐकलं. "खच्चरों की. दो."

"तुमने एक बोला था. ओव्हर."

त्यानं हेडफोन पुन्हा कानावर चढवला. थोड्या वेळानं खालचे आवाजही थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्टी खाली उतरली. तिघं शेजारी शेजारी होती. राणी बर्फाखाली होती, बिजली तिच्याकडं तोंड करून पडलेली. कासमचे गाल साफ होते. त्या सकाळी त्यानं दाढी छान केली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला ब्रशचं विचारलं. मी म्हणालो, वास नव्हता. हवालदार साहेबांनी मान खाली घातली.

सुट्टीवर आलो तेव्हा उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी खराद थांबवला.

"वर डाळ शिजायची का?"

"नाय. दोन-दोन तास उकळली तरी दाणा कच्चाच."

"मग केस कसा शिजला?"

त्यांनी खराद पुन्हा सुरू केला. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण पुरतं तापत नाही. मी रोज कच्ची डाळ खात होतो आणि मला कळलं नव्हतं.

कागदावर ड्रायव्हर कासमच्या नावापुढं कारण धुकं लिहिलंय. ते चूक आहे. वय बावीस, त्या वाटेवर धुक्यात त्यानं कितीतरी खेपा केल्या होत्या. धुक्यानं तो जाणारा नव्हता. त्यानं मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी तापलो, दुसऱ्यांदा गप्प राहिलो.

वास होता, कासम.