साडूभाऊंचा पांढरा रंग

पांढरा म्हणजे नेमका कसा, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे, हे मी थोड्या अभिमानाने आणि बऱ्याचशा धास्तीने सांगतो. मोताळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पण फोटो काढण्यापेक्षा काढलेल्या फोटोंचे रंग संगणकावर ताळ्यावर आणण्यात त्यांचा जीव रमतो. ट्यूबलाइटखाली माणूस हिरवट दिसतो, साध्या बल्बखाली काविळीचा रोगी आणि मांडवाच्या गुलाबी कापडाखाली उकडलेलं बीट. या तिन्ही संकटांतून त्याला सोडवण्यासाठीच आपला जन्म झाला, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यासाठी खिशात एक शुभ्र रुमाल असतो. फोटोआधी तो माणसाच्या हनुवटीखाली धरायचा, म्हणजे नंतर संगणकाला सांगता येतं की बाबा रे, पांढरं ते हे. मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. या रुमालाला नाक ठाऊक नाही. देऊळघाटच्या एका लग्नात मिरचीच्या फोडणीने त्यांना शिंकांवर शिंका आल्या. मी म्हणालो, "अहो, रुमाल आहे ना खिशात!" तर शर्टाच्या बाहीने नाक पुसत ते माझ्यावरच डाफरले, "तो पुसाचा नोय, मापाचा हाय!" एकदा रुमाल घरी राहिला, तर त्यांनी शेजारच्या घरातून कापूस मागवला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाकडचं सगळं वऱ्हाड हातात कापूस धरून उभं आहे. बियाण्याची जाहिरात वाटावी.

कोणाकडे चहाला गेले तरी हेच. "चहा चांगला हाय वो, पण या लायटीत कडू दिसते," असं यजमानीणबाईंना सांगून ते कप घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर, उजेडात जाऊन बसतात. मुलाला जरा गोरं करून द्या म्हणणाऱ्या एका आईला त्यांनी विचारलं होतं, "पोरगं गोरं केलं त मांगची भित निळी पडते. तुमाले पोरगं दाखवाचं हाय का भित?" पण त्यांचा सगळ्यांत मोठा पराक्रम आमच्या सासऱ्यांच्या आजारपणातला. चेहरा पार पिवळा पडला म्हणून सगळी मंडळी डोळ्यांना पदर लावून बसली होती. साडूभाऊ आले, उशाशी गेले आणि खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला सारून म्हणाले, "माणूस ठीक हाय. पडदा पिवळा हाय." सासरे उठून बसले आणि त्यांनी भाकर मागितली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं. फोटो दुसऱ्याला काढू देतील तर ते साडूभाऊ कसले! हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा त्यांच्याच डोळ्याला. पुढे फोटो सुधारून त्यांनी जळगाव जामोदला, तिच्या सासरी, मोबाइलवर पाठवले. मी तेव्हा स्टुडिओतच होतो. लगेच तिचा फोन आला.

"बाबा, माही हळद कुठं गेली?"

पाहतो तर हळदीच्या सगळ्या फोटोंत पोरीच्या गालांना दही फासल्यासारखं. साडूभाऊंनी सवयीने पिवळेपणा धुऊन काढला होता.

"मले वाटलं, लायटीचा दोष हाय," ते ओशाळून म्हणाले.

"लायटीचा नाई बाबा, तुमचाच हाय!" ती हसत सुटली. "माही हळद वापस करा."

ते पुन्हा संगणकापुढे बसले. तिचा एकच हसरा फोटो, त्यात पिवळा वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. चहा निवला. शेवटी मी म्हणालो, "झाला की आता. छान दिसतेय."

त्यांनी हात थांबवला. "मले आठवतच नाई, त्या दिवशी ती कशी दिसत होती. मी सारा वेळ कॅमेऱ्यातूनच पायत होतो ना."

त्यांनी स्टुडिओमागच्या घरात हाक मारली. मेव्हणीबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"सांग बरं, कशी दिसत होती?"

"अजून थोडी पिवळी," त्या म्हणाल्या. "अजून... हाव. बस. अशीच."

मग दोघंही तिच्याकडे पाहत राहिले. मी चपला घातल्या आणि हळूच दार ओढून घेतलं.