उरलेल्या सालाचे मतदान

गाडेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते शेवगावच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून, बी.एड. करून मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला आले होते. सर मुख्याध्यापक. मी अडखळत मराठीत बोलत होते. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, इंग्रजी तुम्ही मुलांना शिकवा. मराठी मुलं तुम्हाला शिकवतील. फिटंफाट." मी हसले. परक्या गावाची माझी भीती तिथेच निम्मी झाली.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांनी उभारलेल्या शाळेबद्दल आणि मुलींच्या वसतिगृहाबद्दल या गौरवग्रंथात इतरजण लिहितीलच. मला मात्र एका पोटनिवडणुकीबद्दल सांगायचे आहे, कारण मला सर खऱ्या अर्थाने कळले ते तिथे.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची, दुष्काळाची वर्षे. आमच्या भागातले आमदार निवडून आल्यावर काही महिन्यांतच वारले आणि त्यांच्या रिकाम्या जागेसाठी पुन्हा मतदान ठरले. तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका लहान गावात सर केंद्राध्यक्ष होते. मतदार बायकांच्या बोटाला शाई लावायचे काम माझ्याकडे आले. आदल्या दिवशी दुपारीच आम्ही मतपेट्या घेऊन तिथल्या शाळेत पोहोचलो. सरपंचांनी जेवणाचे बोलावणे धाडले. सरांनी निरोप दिला, "निकाल लागला की आवर्जून येईन," आणि घरून आणलेल्या भाकरीची पुरचुंडी सोडली. निकालानंतर ते खरोखरच त्यांच्याकडे जेवून आले, हेही सांगायला हवे. माणूस तोडायचा नाही, फक्त वेळ पाळायची, अशी त्यांची रीत.

संध्याकाळी दुष्काळी कामावरून परतणाऱ्या बायका शाळेपाशी थांबल्या. दिवसभर खडी फोडून आलेल्या. त्यांच्या पुढे होत्या गयाबाई, त्या टोळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, उद्या आमी काय येत न्हाई. उगं वाट बघू नका."

"का बरं?" सरांनी विचारले.

"आमचं मत देऊन झालंय. आमदारसायबांनी माझ्या लेकीला बाळंतपणात जीपमदनं दवाखान्यात नेली. लेक वाचली. तवा शब्द दिला, पाच वर्सं माझं मत तुमचं. आता ते गेले म्हनून दुसऱ्याला देऊ? वर गेल्यावर त्यांना तोंड कसं दावू?"

बाकीच्या बायका त्यांच्याकडेच पाहत होत्या. गयाबाई येणार नसतील तर त्यांतली एकही येणार नाही, हे दिसत होते. मी पोटनिवडणुकीची व्याख्या मनातल्या मनात जुळवू लागले. सरांनी मात्र विचारले, "गयाबाई, तुमच्याकडं कधी सालगडी होता?"

"हुता की. बरे दिस हुते तवा. गुढीपाडव्याला सालभरासाठी ठरला आन दिवाळीच्या आदीच बिचारा देवाघरी गेला."

"मग काय केलंत?"

"काय करनार? बैलं दावणीला उपाशी ठेवायची व्हय? दुसरा लावला, उरलेल्या सालाला, पाडव्यापतुर."

"मग पहिल्याशी बेइमानी झाली का?"

गयाबाई हळूच म्हणाल्या, "न्हाई. त्याच्या बायकुनंच मानूस सुचवला हुता."

"तसंच आहे हे. जागा पाच वर्षांची. तुमचा शब्द आमदारसाहेबांना होता, तो त्यांच्याबरोबर पुरा झाला. जागा मात्र रिकामी ठेवता येत नाही. आता जो निवडून येईल तो उरलेल्या मुदतीपुरता. मुदत सरली की सगळे पुन्हा तुमच्या दारात."

मागून एक तरणी बाई म्हणाली, "म्हंजे आमदार बी सालगडीच की वो!" सगळ्या खळाळून हसल्या. सर म्हणाले, "हे तुम्ही म्हणालात हं. मी सरकारी कामावर आलोय."

"मग मत कुनाला टाकावं, तेबी सांगा की," तीच बाई म्हणाली.

"ते मला विचारायचं नाही," सर म्हणाले, आणि उठून कंदिलाची काच पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी बायकांचा पत्ता नव्हता. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून त्या कामावर गेल्या होत्या. मतदान संपायला थोडाच अवधी उरला असताना रस्त्यावर धुरळा दिसला. टोळी येत होती. तरण्या बायका पळत पुढे येऊ शकल्या असत्या, पण त्या गयाबाईंच्या पावलाने चालत होत्या. सर घड्याळ हातात घेऊन फाटकात उभे राहिले. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, कुणाला घाई केली नाही. सर्वांत शेवटी गयाबाई आत आल्या आणि मग पाच वाजले.

एका उमेदवाराचा प्रतिनिधी ओरडला, "सर, वेळ संपली! बंद करा."

"संपली. म्हणून तर मी शेवटून सुरुवात करतोय," सर म्हणाले आणि रांगेच्या शेपटाकडून सही केलेल्या चिठ्ठ्या वाटू लागले. पहिली चिठ्ठी गयाबाईंना. वेळेत आत आलेल्या प्रत्येकाला मत देता येते, आणि गयाबाईंच्या मागे आता कुणालाच उभे राहता येणार नव्हते. एवढ्यात सरपंचांचे चिरंजीव मोटारसायकलवरून आले. सरांनी त्यांना हात जोडले, "पुढच्या निवडणुकीला लवकर या." ते रागाने परत गेले.

गयाबाई माझ्यासमोर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मी डाव्या हाताच्या बोटाची चिंधी सोडली. खाली कातडी सोलवटली होती. मी शाईची काडी मागे घेतली. "लाव ग बाय," त्या म्हणाल्या, "खडीपरीस कमीच झोंबंल."

मत देऊन त्या बाहेर आल्या आणि सरांसमोर थांबल्या. "गुरुजी, सांगू का कुनाला दिलं?"

सरांनी लहान मुलासारखी दोन्ही कानांत बोटे घातली. "नको! ते तुमचं आणि त्या पेटीचं."

"आन आमदारसायबांचं," गयाबाई म्हणाल्या. "शिक्का मारायच्या आदी त्यांना मनातल्या मनात सांगून टाकलं." मग पदराने तोंड पुसून त्या इतर बायकांमध्ये मिसळल्या.

पुढे मी सरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केले. ते नियमाला कधी वाकवत नसत. पण नियमात माणसासाठी जेवढी जागा असेल तेवढी शेवटच्या इंचापर्यंत त्याला देत असत.

या लेखासाठी परवा त्यांना भेटले तेव्हा ते म्हणाले, "कशाला लिहिता, बाई? आता आम्ही उरलेल्या सालाचे गडी."

सर, एवढे एक आपले म्हणणे आम्हाला मान्य नाही. आम्ही आपल्याला पुऱ्या मुदतीसाठी निवडले आहे. पाडव्यामागून पाडवे येवोत, आपली पावले अशीच खणखणीत पडोत, आणि शंभरीच्या फाटकात आपण पोहोचाल तेव्हा कुणीतरी घड्याळ हातात घेऊन, घाई न करता, आपली वाट पाहत उभे असो. चिठ्ठ्या शेवटूनच वाटल्या जावोत, आणि पहिली चिठ्ठी हाती घेऊन, सर्वांत उशिरा नंबर लागेल अशा जागी, रांगेच्या अगदी शेवटी आपण असा.