घरपट्टीतली सूट आणि डब्यामागचं भोक

थोरलीला या संसारात मनासारखी मिळालेली वस्तू एकच, आणि ती म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतलं भोक. नवरा वडिलांनी पसंत केला होता, घर सासऱ्यांनी बांधलं होतं आणि पडद्यांचा रंगसुद्धा नणंदेने ठरवला होता. भोक मात्र तिचं स्वतःचं. म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं पलीकडे राहणाऱ्या धाकट्या जावेचं.

त्याचं असं झालं, की दोघे भाऊ गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून भांडले ते घराच्या मधोमध भिंत घालूनच थांबले. पुढे टाकी गंजून गेली, भांडण मात्र टिकाऊ निघालं. गवंड्याने सामाईक नळ उपटला, तिथे हे भोक राहिलं. थोरला म्हणे, भोक त्याच्या बाजूचं, त्याने बुजवावं. धाकटा म्हणे, दादाच्या बाजूचं. भोकाला दोन बाजू असतात हे दोघांनाही मान्य नव्हतं. शेवटी गवंडी वैतागून थापी उचलून निघून गेला.

मग थोरलीने नवऱ्याला सांगितलं, "भावजींनी बुजवलं हो, पदरचे पैसे घालून." धाकटीने पलीकडे सांगितलं, "दादांनीच बुजवलं." खर्च दुसऱ्याच्या बोडक्यावर पडला या समाधानात दोघे भाऊ गाढ झोपले, आणि भोकापुढे दोन्हीकडून एकेक पिठाचा डबा उभा राहिला.

नवरे घराबाहेर पडले की डबे सरकायचे. पोरांचे ताप, नणंदेच्या कागाळ्या, कागदात गुंडाळलेल्या उसन्या मिरच्या, सगळी वाहतूक त्या भोकातून. रस्त्यात मात्र दोघी अशा नाकं मुरडायच्या, की बघणाऱ्याने तिकीट काढावं.

"आज जरा जास्तच मुरडलंस गं," थोरली घरी येऊन विचारायची.

"काय करू ताई, हे बरोबर होते ना!"

असं छान चाललं होतं, तेवढ्यात सरकारला घरांची काळजी वाटू लागली.

थोरलीचा नवरा विजेच्या ऑफिसात मीटर वाचून निवृत्त झालेला. 'दिवा बंद करा, पंखा बंद करा' या एवढ्या दोन वाक्यांवर त्याने आयुष्य काढलं होतं, म्हणून आळी त्याला बंदसाहेब म्हणायची. अशा माणसाच्या हातात योजनेचं पत्रक पडलं. घर वीज वाचवणारं करा, खिडक्या-छताच्या खर्चात अनुदान घ्या, वर घरपट्टीत सूट! जे तो आजवर फुकट ओरडत होता त्याचे आता पैसे मिळणार होते. निवृत्तीची पुंजी काढून त्याने दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्या, छताला आतून जाड अस्तर लावलं. ते बघून धाकट्यानेही आठवड्याभरात तेच केलं. दादाला सूट आणि आपल्याला नाही, हे त्याला सोसवलं नसतं.

अट एकच होती. तपासणीत घरात वाऱ्याची गळती सापडता कामा नये. सापडली तर खर्च डोक्यावर आणि अनुदान हवेत.

थोरलीने डबा सरकवला.

"अगं, दारात मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतात म्हणे. मग जिथे फट असेल तिथून वारा आत येतो."

"मग आपलं?"

"आपलं कसलं! सापडलं की हे जन्माचं लिंपून टाकतील."

धाकटी म्हणाली, "ताई, कणीक कोंबू या."

दोघींनी आपापल्या बाजूने कणकेचा गोळा कोंबला. पिठाच्या डब्यामागे कणीक, म्हणजे कुणाला संशय यायला नको.

तपासायला एक तरतरीत मुलगी आली. तिने दाराच्या चौकटीत कापड ताणलं, त्यात पंखा बसवला आणि चालू केला. आधी काही झालं नाही. मग डबा शीळ घालायला लागला.

"हे काय?" बंदसाहेबांनी कान टवकारले.

"डबा जुना झालाय हो," थोरली डब्याला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या पाठीमागून कणकेचे दोन्ही गोळे सुटून ओट्यावर टपकले, आणि करपलेल्या दुधाचा वास घरभर पसरला.

"अगं, दूध करपलं!" बंदसाहेब म्हणाले.

"आपण दूध तापवलेलंच नाही," थोरली बोलून बसली आणि तिने जीभ चावली.

"ताई," भिंत म्हणाली, "गेली का हो ती पंखेवाली? तुमच्या नादात माझं दूध गेलं बघा!"

बंदसाहेबांनी डबा उचलला. समोर भोक, भोकात धाकटीचा एक डोळा. डोळ्याने आधी बघितलं, मग घाईघाईने पदर ओढून घेतला.

"नापास," मुलगी म्हणाली. "वारा शेजारच्या घरातून येतोय, म्हणजे गळती. हां, पलीकडचं घरही तुमचंच असेल, तर ही भिंत आतली धरता येईल. आतल्या भिंतीला भोक असो नाहीतर खिंडार, आम्हाला काही नाही. दोन्हीकडची तपासणी एकत्र करू. काका, पलीकडचं घर तुमचंच का?"

बंदसाहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. थोरलीचं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

"दादा," आता भिंत घोगऱ्या आवाजात बोलली, "म्हण की 'आमचंच' म्हणून! माझीही तपासणी उद्या आहे."

"तू मध्ये बोलू नकोस!"

"मी मध्ये नाही, माझ्या घरात उभा आहे."

"तुझ्या नाही, आमच्या!" बंदसाहेब ओरडले, आणि मुलीने तेवढंच लिहून घेतलं.

एकत्र तपासणीसाठी दोन्हीकडच्या खिडक्या एकदम लावायच्या होत्या. "लावली का रे?" "लावली. तुझी मोरीची राहिली, दादा!" दोघे भाऊ भोकाला तोंड लावून दुपारभर ओरडत राहिले. घर पास झालं. अनुदान मंजूर झालं, घरपट्टीत सूट मिळाली, आणि भोक सरकारी कागदावर कायम झालं.

झालं एवढंच, की ते थोरलीच्या हातून गेलं. सकाळी चहा घेऊन बंदसाहेब ओट्याशी स्टूल टाकून बसायचे ते जेवणापर्यंत. वाऱ्याची दिशा, बिलाचे आकडे, गंजलेल्या टाकीची आठवण. पोळ्या लाटायला जागा उरली नाही.

चार दिवस वाट बघून थोरली पुढच्या दाराने निघाली आणि धाकटीच्या पायरीवर जाऊन बसली. धाकटी बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"केस पिकले गं तुझे."

"तुम्ही बारीक झालात, ताई."

पुढे काही सुचेना. भोकाशी तासन् तास चालणारी तोंडं समोरासमोर आल्यावर पाहुण्यासारखी गप्प झाली. शेवटी थोरली जागेवरच वळली आणि पाठ करून बसली. धाकटीही तिच्या पाठीला पाठ लावून टेकली.

"हं," थोरली म्हणाली, "नणंदेचं काय झालं मग?"

"अहो ताई, ऐका तर!"