सगळ्यात शेवटी निघायची बोट

घड्याळजींच्या दुकानात एकवीस घड्याळं होती आणि ती सगळी एकच वेळ दाखवत. मागच्या खोलीत माणसं जेमतेम चार, पण त्यांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ! सुटे पट्टे, काचा, चिमटे बाजूला सारून ही मंडळी तिसऱ्या रविवारी बसली होती. चौघांच्याही स्वतःच्या छोट्या बोटी. चारही बोटी घेऊन नदीच्या मुखाबाहेरच्या बेटावर जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढंच ठरवायचं होतं. पहिला रविवार चहाची किटली कोणी आणायची यात गेला. दुसरा ती कोणी धुवायची यात.

घड्याळजी आतून धुमसत होते. बाकीच्यांना ही सहल म्हणजे गंमत होती. त्यांना मात्र सहलीचा हा शनिवार हुकवून चालणार नव्हता.

कारण ताई. आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, शिकवलं, कानही हिनेच उपटले. नऊ वर्षांपूर्वी बोट घेतली त्या दिवशी ते छाती फुगवून म्हणाले होते, "ताई, तुला बेटावर नेणार." त्यानंतर दरवर्षी काही ना काही आडवं आलं. कधी वारा, कधी कोणाचं इंजिन, कधी कोणाचा पाहुणा. आता ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि शनिवारनंतरच्या सोमवारी तिची लेक तिला कायमची आपल्या गावी नेणार होती. तिथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. ताईच्या पेट्या बांधून दारात उभ्या होत्या.

दोघांनीच जावं म्हटलं तर तीही सोय नाही. छोट्या बोटीला एकटीने मुखाबाहेर सोडत नसत. निदान तीन बरोबर हव्यात, हा बंदराचा नियम. म्हणजे या मंडळींची मनधरणी करणं आलंच.

त्यात मुखाशी वाळूचा उंचवटा. शनिवारी सकाळी आठपर्यंत भरतीचं पाणी त्यावर पुरेसं असणार, मग उतरणार ते थेट संध्याकाळपर्यंत. घड्याळजींनी तोड काढली. सगळ्यात हळू बोट आधी निघेल, सगळ्यात वेगवान शेवटी, आणि चौघं साडेसातला उंचवट्याशी पोचतील. कोणी कोणासाठी थांबायचं नाही. पोचेल त्याने सरळ पार व्हायचं. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या बोटीचा वेग तेवढा सांगायचा.

इथेच घोडं अडलं. बोटवाल्याला वय विचारा, पगार विचारा, वेग विचारू नका.

"दहा मैल तासाला," बेकरीवाला म्हणाला. "डोळे मिटून!"

"डोळे उघडून किती?" घड्याळजींनी विचारलं.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "वारा मागून असला तर आठ."

"आणि नसला तर?"

"असतोच."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "सहा. दशांशात सांगू?"

घड्याळजींनी कपाळावर हात मारला. बेकरीवाल्याची बोट तर चपटी, उथळ, पावाच्या ट्रेसारखी. घड्याळजी तिला ट्रेच म्हणत, त्याच्या तोंडावर. आणि म्हणे दहा!

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी कागद पसरला आणि प्रत्येकाच्या आकड्यातून चौथा हिस्सा कापला. बाई काही थापा मारणाऱ्या नव्हत्या, पण एकाला कापायचं आणि दुसऱ्याला सोडायचं हे त्यांच्या न्यायात बसेना. मग स्वतःच्या बोटीपुढे त्यांनी ठसठशीत नऊ लिहिले.

ताई डब्यांची झाकणं जुळवत होती. तिने कागदात डोकावून पाहिलं. "तुझ्यातलाही थोडा काप की."

"माझा मोजलेला आहे, ताई. सेकंदासकट."

"कधी मोजलास?"

"बोट घेतली तेव्हा."

ताईने झाकण दाबून बसवलं.

शनिवारी साडेपाचला बाई निघाल्या. डॉक्टरांना सहाला निघायचं होतं. ते नवी टोपी विसरले म्हणून घरी जाऊन आले आणि घड्याळजींची बोलणी खाऊन सव्वासहाला सुटले. त्यांच्यामागोमाग बेकरीवाला गेला. धक्क्यावर उरली एकच बोट. ताई मांडीवर पिशवी घेऊन केव्हाची तयार होऊन बसली होती.

"आपणही निघूया का रे?"

"साडेसहाला. कागदावर साडेसहा आहे."

बरोबर साडेसहाला त्यांनी दोर सोडला. साडेसातला मुखाशी असायचं, तर साडेसातला जेमतेम वीटभट्टीची चिमणी आली. ती बरोबर अर्ध्या वाटेवर. घड्याळजी आधी प्रवाहावर चिडले, मग इंजिनावर. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. ते ठणठणीत चालू होतं. बोटीच्या बुडाला नऊ वर्षांचे शिंपले चिकटले होते. दरवर्षी घासायचं म्हणत आणि दरवर्षी राहून जाई. इंजिन दम्याच्या रोग्यासारखं खोकत होतं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आकडा लिहिताना तेवढं आठवलं नाही.

नऊ वर्षं ते ताईला सांगत आले होते की लोकांमुळे राहतंय. त्यांना लाज वाटली. ताईकडे बघवेना.

मुखाशी पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. वाळूची पाठ जागोजागी पाण्यातून वर आलेली दिसत होती. पलीकडे बाई आणि डॉक्टर लाटांवर डुलत होते. आणि उंचवट्यावरच्या वीतभर पाण्यातून एक चपटी बोट सरसर परत येत होती.

"घड्याळजी!" बेकरीवाला ओरडला. "तुमची आता निघणार नाही. माझी ट्रे निघते! एक माणूस बसेल. ताईंना द्या."

घड्याळजींना काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"मी नाही जायची तुझ्याशिवाय," ताई म्हणाली.

"जा, ताई. चुकलं माझं. मी इथेच नांगर टाकून बसतो संध्याकाळपर्यंत." त्यांनी ट्रेचा काठ धरून ठेवला. "सोमवारी तू जाशील, मग कधी?"

ताईने पिशवीतून एक डबा काढून त्यांच्या हातात ठेवला आणि हात पुढे केला. त्यांनी तिला कोपराला धरून हळूच पलीकडच्या बोटीत उतरवलं. बेकरीवाल्याने तिच्या पाठीशी आपलं जाकीट घडी करून ठेवलं.

ट्रे भर्रकन सुटली. खरंच दहा मैल असावेत, थोडे जास्तच. पण उंचवटा पार होताच ती एकदम मंदावली. इंजिन बंद पडलं की काय? घड्याळजी टाचा उंचावून बघू लागले. वारा त्यांच्याच दिशेने होता आणि त्यावरून ताईचा आवाज स्वच्छ आला.

"जरा हळू घ्या हो दादा. त्याला दिसू दे मी चाललेली."

घड्याळजींनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून हलवले.