समिंदरकाकीचं पातेलं

समिंदरकाकी एकदा 'न्हाई' म्हणाली की विषय संपला. चाकूरजवळच्या आमच्या गावात तिच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही, माळकरी आजीचंसुद्धा.

काका कोकणात मास्तर होते. तिथलीच मुलगी करून, बदली घेऊन गावी आले. काकीच्या सामानात वाळक्या शेवाळाचं एक गाठोडं होतं. माहेरच्या खडकांवरचं, लालसर, खारट वासाचं. आजीनं वास घेतला आणि मासळीचं भावंड माझ्या चुलीला शिवायचं नाही, असं बजावलं. काकी वाद घालत बसली नाही. अंगणात तीन दगड मांडले आणि कामाला लागली.

शेवाळ भिजवायचं, चोळायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा भिजवायचं. वास जाऊन ते पांढरं पडलं की पाण्यात शिजवून, गाळून, दूध-खडीसाखर घालून थिजवायचं. एका हिवाळ्यात आजीला कोरड्या खोकल्यानं हैराण केलं. काकीनं वाटी पुढे ठेवली. आजीनं कुरकुरत खाल्ली, घसा निवला आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच अंगणातली चूल मोडली. पातेलं घरात आलं.

मग काय, गल्ली वाट्या घेऊन दारात. कुणाला खोकला, कुणाला पोटात जळजळ, कुणाचं पोट साफ होत नाही. गुडघेदुखीला मागणारेही निघाले. त्यांना काकी ठरलेलं ऐकवायची, "पोटाला चालतंय, घशाला चालतंय. म्होरलं दवाखान्याचं."

त्याच बोलण्याचा आधार धरून एक दिवस माझी आई तिच्यापुढे बसली. मानेवर गाठ आली होती. ऑपरेशनच्या भीतीनं ती कित्येक महिने पदराखाली लपवली होती. म्हणाली, "घशाचंच तर हाय, दे की वाटीभर."

काकीनं गाठ चाचपली.

"बाई, ही गाठ माझ्या पातेल्यातली न्हाई. लातूरला चला."

आई हलेना. काकीनं पातेलं घासून पालथं घातलं. जाऊबाई दवाखान्यात जाईपर्यंत कुणालाच काही मिळणार नाही, असं जाहीर केलं. ऐन थंडीत अख्खी गल्ली खोकत होती आणि जो तो येऊन आईला लातूरला जायला सांगत होता. शेवटी आजीच खोकत खोकत म्हणाली, "जा माय. तू गेल्याबिगर ती चूल पेटवायची न्हाई."

आई काकीबरोबर गेली. ऑपरेशन झालं. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. थायरॉइडच्या गोळ्या कायमच्या लागल्या. हे शेवाळ चालेल का, हे काकीनं तिथंच विचारून घेतलं. डॉक्टरांनी नको म्हटलं. त्यानंतर तिनं आईला ती वाटी कधीच दिली नाही.

गेल्या वर्षी काकी गेली. मला ती फार आठवते. गाठोडं तिच्या भावाकडून अजून येतं. पातेलं आता आई चढवते, चव मात्र मला बघायला लावते.

परवा शेजारची सून आली. ओढणी गच्च आवळलेली. चाचरत म्हणाली, "छातीत बारीक गाठ हाय, मावशी. तुमचं ते औषध द्या."

आईनं मानेवरचा पदर बाजूला करून तिला व्रण दाखवला. मग उठली आणि पातेलं पालथं घातलं.

"चल," आई म्हणाली. "लातूरची गाडी हाय आत्ता."